खालची पिवळी पट्टी

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या ग्रिलला आज रंग दिला. टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला आणि मी सत्तर वर्षं मागे, पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

वडील कॅलेंडरांसाठी चित्रं काढायचे. लक्ष्मी, राधा, हातात दिवा घेतलेल्या बायका, गिऱ्हाईक सांगेल ते. स्वतःसाठी म्हणून त्यांनी आयुष्यात एकच तैलचित्र काढलं, आईचं. त्यासाठी ती कितीतरी दुपारी शेवंतीची परडी घेऊन खिडकीपाशी उभी राहिली.

चित्र पुरं झालं तेव्हा ती पदराला हात पुसत बराच वेळ बघत राहिली. शेवंती ओली वाटत होती, लुगड्याचा हिरवा रंग हुबेहूब होता.

"अहो, माझे पाय कुठायत?" तिनं विचारलं.

लुगड्याच्या काठाखाली वीतभर नुसता पिवळा रंग होता. कॅलेंडरच्या चित्रात दुकानाचं नाव छापायला तेवढी जागा सोडावी लागते. वडिलांनी ती इथेही सवयीनं सोडली होती.

"उद्या काढतो," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. आई हसली, म्हणून मीही हसले.

दुसऱ्या दिवशी नव्या कॅलेंडरचं काम आलं, मग आणखी एक. पाय राहूनच गेले. पुढे आई गेली, मागोमाग तेही.

आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिच्या तिथीला मी हेच चित्र पाटावर ठेवते. नमस्काराला वाकले की कपाळ त्या पिवळ्या पट्टीला टेकतं. मी तिचे पाय आठवून बघते. जोडवी आठवतात. पाय आठवत नाहीत.