घोड्यावरची लाल चिंधी

धुळ्याच्या साप्ताहिकात ती बातमी चार ओळींची होती. सोनगीर येथे दारूच्या नशेत बंदूक हाताळताना एका भिल्ल राखणदाराचा अपघाती मृत्यू. चारही ओळी माझ्या. गावचा बातमीदार मीच होतो.

पुतणे म्हणतात, "आबा, आता कशाला उकरता? सगळे गेले." मी अजून आहे. लिहिणार.

काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, शेतात रानडुकरं यायची म्हणून. तिच्यात एकदा बार भरला की तो उडवल्याशिवाय सहजी निघत नसे. म्हणून भरलेल्या बंदुकीच्या घोड्यावर लाल चिंधी बांधायची, असा आमच्या घरचा रिवाज. चिंधी असली तर हात लावायचा नाही.

खंडेनवमीला सकाळी शस्त्रं पाटावर मांडली. हळद-कुंकू लावायला ती मळकी चिंधी आड येत होती. मी ती सोडली, आणि परत बांधायची राहून गेली.

पूजा आटोपल्यावर राखणदार आला. काकांनी त्याला डिवचलं, "काय रे, बंदूक नवरीसारखी दिखस का नही?"

"दिखस नाना, पन इना आवाज सासूना शे!"

सगळे हसलो. बंदूक खुंटीला टांगायचं काम नेहमी त्याचंच. त्याने घोड्याकडे पाहिलं. पाहिलं, हे मी पाहिलं. चिंधी नव्हती, म्हणून त्याने निर्धास्त नळी धरून ती उचलली. घोडा पाटाच्या कडेला अडकला आणि सुटला.

"खरं लिहिलंस तर परवाना जाईल, आणि तूही आत जाशील," काका म्हणाले. मी दारूचं लिहिलं. फौजदारांनीही तेच लिहून घेतलं, आणि संपादकांनी काही विचारलं नाही.

महिन्याभराने त्याची बायको घडी घातलेला कागद घेऊन दारात उभी राहिली. बाजारात कुणीतरी तिला तो वाचून दाखवला होता.

"त्यानी जनमभर दारूले हात लावा नही, भाऊ. बठ्ठा गावले म्हाईत शे. हाई बदली दे."

"छापलेलं बदलत नाही," मी म्हणालो.

"मंग नवं लिख."

मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून अशी प्रत्येक बातमी मी चिडून वाचतो. बंदूक 'उडते', गोळी 'सुटते'. ती कोणी भरली, कोणी कुठे ठेवली, याचा पत्ता नाही. मालकाच्या घरचा मेला की 'दुर्दैवी', चाकर मेला की त्याच्या तोंडाचा वास कुठून तरी बातमीत येतोच. तो वास कुठून येतो हे मला शिकवू नका. मी तो स्वतः घातला आहे.

त्याच्या मुलाचे केस आता पांढरे झालेत. गाव अजून त्याला दारुड्याचा पोर म्हणतं. या खंडेनवमीला चावडीवर, त्याला शेजारी बसवून, मी हा कागद मोठ्याने वाचणार आहे. पुतण्यांनी हवं तर घरी बसावं.

नवी बातमी एवढीच: तो शुद्धीत होता. चिंधी मी सोडली होती.