विहिरीत सोडलेली पेटी

फुगा पारनेर तालुक्यात उतरलाय हे कळलं आणि मी ड्रायव्हरला जीप काढायला लावली. हैदराबादेहून आम्ही तो सोडला होता, खाली यंत्र बांधून. आकाशातून प्रचंड ऊर्जेचे कण येतात, ते नेमके कुठून, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. बहुतेक कण वाटेत इतकी वळणं घेतात की त्यांचा माग काढणं अशक्य. गॅमा किरण मात्र नाकासमोर सरळ येतात. ते यंत्रात शिरले की फिल्मवर रेघा उमटायच्या. पण त्या क्षणी यंत्राचं तोंड कुठं होतं, हे टिपायला एक लहान पेटी वेगळी होती. आत घड्याळ, होकायंत्र आणि कॅमेरा. ती गेली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

जीपनं पोचलो तर मोठं यंत्र बाभळीखाली शाबूत होतं. पेटीचा पत्ता नाही. शेळ्या राखणारे एक आजोबा म्हणाले, आपटताना तुटून पडली, टिकटिक करत हुती, म्हणून पोलीसपाटलांनी विहिरीकडं नेली.

लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. बॉम्ब सापडला तर पाण्यात बुडवायचा, हे गावात सगळ्यांना पाठ. आणि बाहत्तरच्या त्या दुष्काळात पाणी एकाच विहिरीत उरलेलं, तेही तळाला. मी पदर खोचला आणि धावत सुटले. तोंडातून काय काय निघालं ते इथं लिहीत नाही.

मोटेच्या नाड्याला बांधलेली पेटी विहिरीत लोंबकळत होती. एकदा पाण्याला टेकलीही होती म्हणे. तेवढ्यात शेवटचं पाणी नासेल म्हणून बायकांनी आरडाओरडा केला. आता वर ओढायला कुणी धजेना. मी घड्याळाचं सांगितलं, होकायंत्राचं सांगितलं, दूरच्या ताऱ्यांचं सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच ते थापांसारखं वाटायला लागलं. पाटील म्हणाले, "खरं आसंल तर तुमीच वढा."

सगळे पुरुष चिंचेच्या बुंध्याआड गेले. आमचा ड्रायव्हरसुद्धा, मेला!

मी नाडा धरला. तळहात सोलवटले, पेटी जेमतेम हातभर वर आली. टिकटिक येते का ते कान लावून ऐकत होते, पण बायकांच्या गलक्यात काही कळेना. तेवढ्यात घागर खाली ठेवून एक बाई पुढं आली आणि तिनं नाड्याला हात घातला. भीती नाही वाटत का, मी विचारलं.

"पानी नासलं तरी मरायचंच हाय. वढा."

पेटी काठावर आली. तिच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. मी कान लावला. हलवून पुन्हा लावला. काही नाही. घड्याळ बंद पडलेलं, म्हणजे आतली फिल्मही भिजलेली.

बॉम्ब थंड झाला, असं पाटलांनी जाहीर केलं. लोक हसत बाहेर आले. ती पेटी उचलून पाटलांच्या डोक्यात घालावी, इतकी मी संतापले होते. पण रडूच फुटलं.

त्या बाईनं पहिली घागर वर काढली आणि माझ्या सोललेल्या हातांवर पाणी सोडलं. "रडू नगा बाई," ती म्हणाली. "वाचलं की सगळं."

माझं सगळं बुडालं, असं मला तिला ओरडून सांगायचं होतं. पण त्या साली, त्या विहिरीचं पाणी हातांवर पडत असताना, ते तोंडातून निघेना.