एलियाहूची शिसवी खुर्ची

नवस करून झालेल्या मुलाच्या वाट्याला हे का, हा जाब मी देवाला वर्षानुवर्षं विचारत होतो. कुर्ल्यात जुन्या फर्निचरच्या धंद्यात मी स्वतःच्या जोरावर उभा राहिलो. सदोष माल गळ्यात मारणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. देवालाही सोडलं नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता करायची आणि शेजारी एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषितासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची, ही आमची रीत. ती शिसवी खुर्ची मी स्वतः पॉलिश केली होती. त्या पॉलिशचा आणि मलिद्याच्या प्रसादासाठी भिजवलेल्या पोह्यांचा वास अजून आठवतो. प्रार्थना चालवणारे आणि सुंता करणारे आमचे नेहमीचे हजान तापाने पडले, म्हणून त्यांनी पनवेलचे एक अनोळखी म्हातारे गृहस्थ पाठवले. त्यांनी बाळाचा लंगोट सोडला, त्याला उजेडाकडे धरलं आणि सुरी पुन्हा पेटीत ठेवली.

"लघवीची वाट टोकाला नाही, खालच्या अंगाला आहे. कातडी वर टोपीसारखी, खाली नाहीच. अंगही खाली वाकलंय. माझा हात धजत नाही."

"मग माझ्या पोराला आमच्यात कोण धरणार?"

"दुखणाईत पोरासाठी देव थांबतो. तू थांब."

मेहुणा हसला. "भावोजी, करा आता घासाघीस." ते हसणं मी आजही विसरलेलो नाही.

मी दुसरा माणूस आणायला निघालो, तर बायको दारात आडवी आली. "खुर्ची ज्यांच्यासाठी मांडली, तेच नको म्हणाले असं समजा ना." मी धुसफुसत बसलो.

पोर मोठं झालं. उभं राहिलं की धार खाली यायची, पाय भिजायचे, म्हणून बसून करायचं. शाळेत पोरं चिडवायची. शेवटी एका सर्जनला दाखवलं. तपासून ते म्हणाले, "सुंता केली नाहीत हे फार बरं झालं. याच कातडीतून नवी वाट करायची असते. कापली असती तर मी कशाने शिवलं असतं?"

मला पनवेलचे ते म्हातारे आठवले.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्यातच सुंताही झाली. टाके भरून आल्यावर एका सकाळी तो मोरीतून ओरडला, "बाबा, पाय कोरडे आहेत."

त्या म्हाताऱ्यांना सांगायला मी पनवेलला गेलो, तर ते वारले होते. परत येऊन आम्ही मलिदा केला आणि तीच खुर्ची मांडली. त्या दिवशी मी देवाकडे काही मागितलं नाही, जाबही विचारला नाही.

खुर्ची अजून दुकानात आहे. गिऱ्हाईकं विचारतात. तिचा भाव मी सांगत नाही.