कुमुदताईंचा संशय

ग्वाल्हेरच्या कंपू भागात दवाखाना असलेल्या डॉक्टर कुमुदताई गरोदर बाईला तपासण्याआधी तिच्या घरच्यांना एकेक करून आत बोलवायच्या आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायच्या. उत्तरं जुळली नाहीत की चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "घर एक अन् बातम्या तीन." आमच्या इथल्या मराठी घरांत त्यांना ठाणेदारीणबाई म्हणत. मलाही त्यांचा रागच यायचा.

मला सातवा महिना होता. सासूबाईंच्या माहेरी गरोदर सुनेला गावरान कोंबडीचा आळणी रस्सा पाजायची रीत, म्हणून त्यांनी गच्चीवर कोंबड्या पाळल्या होत्या. त्या हिवाळ्यात शहरात बर्ड फ्लूची बोलणी सुरू झाली, आणि नेमका तेव्हाच मला ताप भरला, धाप लागू लागली. दवाखान्यात सासूबाईंनी सांगितलं, कोंबडी पडाव भागातल्या दुकानातली, साफ करून आणलेली. त्यांच्यानंतर आत गेलेला माझा नवरा म्हणाला, गच्चीवरची.

कुमुदताईंनी सासूबाईंना पुन्हा आत घेतलं.

"शिजवलेलं खाल्लं, त्याची मला फिकर नाही. पिसं कोणी काढली?"

सासूबाईंना सांगावंच लागलं. मग कळलं ते असं: दोन कोंबड्या मान टाकून बसल्या होत्या, मरून वाया जाण्याआधी त्यांनी कापल्या. महापालिकेची माणसं सगळ्याच घेऊन जातील या भीतीने त्या गप्प होत्या. पिसं मी काढली होती, धडधाकट कोंबड्या समजून.

पक्ष्यांचा हा ताप माणसाला क्वचितच होतो, पण गरोदर बाईला झाला तर आई आणि बाळ दोघंही वाचणं फार कठीण, हे कुमुदताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं आणि मला इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवलं.

रिपोर्टमध्ये माणसांचा नेहमीचा फ्लू निघाला. सासूबाईंना जोर आला. "फालतूच शक घेतला ना आमच्यावर?"

"हो, चुकले. फार बरं वाटून राहिलं," कुमुदताई म्हणाल्या. "एकदा एका सासूवर भरोसा केला होता. ताप कालचाच आहे म्हणाली, होता आठवड्याचा. सून गेली, पोटातली पोरगी पण गेली."

घरी जाऊन सासूबाईंनी उरलेल्या कोंबड्यांसाठी स्वतःच महापालिकेला फोन लावला.

माझी मुलगी वेळेआधी जन्मली, एवढीशी, पण खणखणीत रडणारी. कुमुदताईंनी तिला माझ्याआधी सासूबाईंच्या हातात दिलं. तेव्हा मला जरा वाईट वाटलं, पण सासूवर पुन्हा भरोसा टाकायची ती त्यांची रीत होती, आणि ते बरोबरच होतं.