पेपर परत आला तेव्हा

मी पळतच आत गेले, कारण ह्यांचं डोकं लॅपटॉपवर पडलेलं आणि हाका मारल्या तरी हलेनात. मला वाटलं, संपलं सगळं. कडेवर बाळ, हातात नाचणीच्या पेजेची वाटी, ती अर्धी सांडली. खांदा हलवला तर म्हणाले, "मेलो नाही गं. पेपर नाकारला."

लग्नाआधीपासून लिहितायत तो. छापून आल्याशिवाय पीएचडी पुरी होत नाही, एवढं मला कळतं, बाकी मी नववीतून शाळा सोडलेली. मासिकानं नेमलेल्या दोघांनी वाचून नको म्हटलं, आणि त्यांची नावंसुद्धा सांगत नाहीत म्हणे.

मी खाली बसून बाळाला भरवायला लागले. त्यानं चमचाभर घेतलं आणि फुर्र करून उडवलं. मी तोंड पुसलं, पेज जरा सैल केली, परत चमचा पुढे केला. हा रोज थुंकतो, पण मला त्याचं रडू येत नाही. मी फक्त बघते, घट्ट झाली का, गरम आहे का.

म्हटलं, "अहो, हा थुंकला की मी पेज बघते, तसं त्यांनी काय लिहिलंय ते तरी वाचा."

"ते तुझं पोर आहे," हे म्हणाले. "ते दोघं माझे कोण?"

मी परत चमचा भरला. तेवढ्यात त्यांच्या पीएचडीच्या सरांचा फोन आला.

"तूच उचल. सांग, सोडलं मी सगळं, गावी दुकानात बसतो."

मी फोन उचलला आणि बोलून गेले, "सर, ते पेपर दुरुस्त करायला बसलेत."

ह्यांनी नुसतं बघितलं, फोन काही हिसकावला नाही. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?