सुमनआत्याच्या कैच्या

सुरुवातीलाच सांगतो, हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही वाणिज्य शाखेचा. गेलेल्या माणसाविषयी कसं लिहितात, हे मला कोणी शिकवलेलं नाही. सुमनआत्याला माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं दिवेआगरात पुष्कळ आहेत. त्यांच्याआधी मी पुढे झालो, याचं त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पण तिला जाऊन काही आठवडे होतायत, आणि लोक तिचा विषय निघाला की ‘बिचारी’ म्हणायला लागलेत... ते मला ऐकवत नाही. आत्या बिचारी नव्हती.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा माहेरी परतली आणि आमची वाडी तिनेच सांभाळली. मागे किनाऱ्यावर आलेल्या मोठ्या वादळात वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. सगळे पडलेली झाडं बघत होते, आत्या उभी राहिलेली शोधत फिरत होती. वाचलेल्या पोफळींच्या बुंध्यांवर तिने चुन्याचे पट्टे ओढले आणि पुढे बियाण्याला फक्त त्यांचीच सुपारी ठेवली. “वाऱ्याला जी पुरून उरली, तिचीच पोरं लावायची,” म्हणायची. सगळी वाडी तिला त्या रोपांनी पुन्हा भरायची होती. रोपं वाढवायला तिने मोकळ्या पट्ट्यात बोगद्यासारखं लांबट पॉलिहाऊस उभं केलं. वाकवलेल्या पाइपांच्या कमानी, त्यांच्यावर उन्हाळ्यात हिरवी जाळी आणि पावसाळ्यात प्लॅस्टिक. शेजारचे तात्या कुंपणावरून विचारायचे, “सुमन, मांडव घातलास, लगीन कोनाचं?” “तुझंच,” आत्या हातातलं काम न थांबवता सांगायची, “तुझ्या बायकोला विचारलंय, ती तयार हाय.”

आमच्याकडे वाऱ्याची धास्ती वाटली की वस्तू माडाला बांधतात. होडी माडाला, मांडव माडाला, गोठ्याचं छप्परसुद्धा माडाला. त्यामुळे कमानी दोन्ही बाजूंच्या माडांना दोरांनी बांधायच्या, हे ठरवताना कोणालाच विचार करावा लागला नाही. पुढच्या वैशाखात एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला आणि आम्ही पडवीतून बघत राहिलो. कमानी वाऱ्याने वाकल्या नाहीत, माडांनी वाकवल्या. माड डुलले की दोर ताणले जायचे, सैल पडायचे, पुन्हा हिसका बसायचा... वारा पडला तेव्हा अर्धं पॉलिहाऊस एका कुशीवर कललं होतं. तात्या धावत आले. “माडानं दगा दिला गं!” “माड डुलतो म्हनून तर उभा ऱ्हातो,” आत्या म्हणाली. “दावं आपनच बांधलं त्याला.” मग आत जाऊन तिने चिरडलेली रोपं एकीकडे आणि जगतील अशी दुसरीकडे करायला घेतली. मला वाटलं होतं, ती रडेल.

दुसऱ्या दिवशी ती मला बाजारातल्या मासळीच्या शेडखाली घेऊन गेली आणि मान वर करून उभी राहिली. त्या शेडचे पत्रे मोठ्या वादळात उडाले होते, पण खालच्या कैच्या, म्हणजे छपराला तोलून धरणारे लोखंडी त्रिकोण, जागचे हलले नव्हते. “पत्रं गेलं, कैच्या ऱ्हायल्या,” ती म्हणाली. “आपल्या कमानींच्या पोटात काय हाय? वारा.” तिथून आम्ही तडक सलीमभाईंच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो.

“बाय, कैची घराला लावतात,” सलीमभाई हसले. “रोपांच्या छपराला कोन लावतो?”

“मी लावते. तू फक्त पाइप काप.”

वाकलेल्या कमानी सरळ करून झाल्यावर प्रत्येक कमानीला आत एक आडवा पाइप आला, त्याच्या मध्यातून माथ्यापर्यंत एक उभा आणि दोन्ही खांद्यांकडे जाणारे दोन तिरपे. आत्याला सगळं वेल्डिंग करून हवं होतं. सलीमभाई ऐकेनात. वेल्डिंगने पाइपावरचं जस्त जळतं आणि मग खारी हवा तिथूनच खायला लागते, म्हणून क्लॅम्प आणि बोल्टच घालू, असं त्यांचं म्हणणं. आत्याने ते मानलं, पण दुपारभर पुटपुटत. आडव्या पाइपाच्या उंचीवरून मात्र ती हटली नाही. सलीमभाईंना तो खाली हवा होता, तर आत्याने मातीच्या पिशव्यांनी भरलेली पाटी डोक्यावर घेतली आणि कमानीखाली जाऊन उभी राहिली. “ही पाटी जाईल, तिथं पाइप.”

“उद्या मोठी पाटी आनलीस म्हंजे?”

“पाटी मोठी आनीन रे, मान तीच हाय ना!”

त्या उंचीवरच खडूची खूण झाली. पाटी उतरवताना ती पोट धरून खाली बसली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाबा म्हणाले, डॉक्टरकडे चल. “शेवटची कैची लागू दे,” ती म्हणाली. मीही आग्रह केला. पण तिच्यापुढे आमचं कधी चाललं होतं? कैची बसली की ती पाना घेऊन स्वतः बोल्ट आवळायची, मग कमानीला खांदा लावून ढकलून बघायची. जरा कुरकुर ऐकू आली की सलीमभाईंना हाक.

शेवटची कैची लागली आणि मगच ती पनवेलच्या इस्पितळात आली. उशीर झाला होता. ती गेली, तो आठवडा मी तिच्याजवळ होतो, बाबा गावी वाडीवर. त्याच आठवड्यात किनाऱ्यावर जोराचं वारं झालं, गावातले फोन बंद पडले. आत्या दुखण्याविषयी काही विचारायची नाही. मी बाहेरून आलो की फक्त माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचो. ती भिंतीकडे वळायची... एकदा म्हणाली, “वाईट असलं तरी सांग हां. लपवू नकोस.” मला खरंच काही माहीत नव्हतं.

अखेर फोन वाजला. रेंजसाठी बाबा घाट चढून वर आले होते. मी मोबाइल आत्याच्या उशीवर ठेवला आणि स्पीकर लावला.

“वारा कुठून होता?” तिने आधी हेच विचारलं.

“खाडीकडनं. आडवा. रात्रभर,” बाबा म्हणाले. “ताई, प्लॅस्टिक गेलं. चिंध्या बी सापडल्या न्हाईत.”

“प्लॅस्टिक जाऊ दे. कमानी?”

“एक बी वाकली न्हाय.”

आत्याने डोळे मिटले. मला वाटलं, झालं तिचं विचारून. पण तिने हात माझ्या मनगटावर ठेवला आणि मोबाइल आणखी जवळ घ्यायला लावला.

“आन् रोपं?”

“भिजलीत,” बाबा म्हणाले. “पर उभी हायत.”