मोठ्यानं म्हणा, नोंद व्हायची आहे

साखरताईंचा आवाज असा होता की, त्यांनी रेडिओवरून बाजारभाव वाचले तरी लोकांना महागाई उतरल्यासारखी वाटे. ‘साखरताई’ हे नाव श्रोत्यांनी पत्रांतून दिलेलं. ते केंद्रातल्या लोकांनी उचललं, मग नवऱ्यानंही उचललं, आणि तिथे त्यातली अर्धी साखर विरघळली, कारण तो ते मुख्यतः “साखरताई, माझा चष्मा कुठं ठेवलाय?” एवढ्याच कामासाठी वापरायचा. घरी तो गोड आवाज फारसा कुणाच्या वाट्याला येत नसे. मुलाला अंघोळीला पिटाळताना जो निघे, तो वेगळाच, पत्र्यावरून खडी ओतल्यासारखा. गोड आवाज ताई ठेवणीतल्या कपड्यांसारखा जपून वापरत.

त्या आवाजाचा घात एका शब्दानं केला. शब्द होता ‘च्यायला’.

झालं असं की, एका सकाळी मंत्र्यांचं भाषण लागायचं होतं. “आता माननीय मंत्रिमहोदय आपल्याशी संवाद साधतील,” असं ताईंनी मधात बुडवून म्हटलं, माइकचं बटण दाबलं आणि त्या उठायला गेल्या. बटण दाबलं गेलं होतं, पण माइक बंद झाला नव्हता. स्टुडिओतल्या खुर्चीचं एक चाक कित्येक महिने आपल्याच तंद्रीत असायचं. खुर्ची सटकली, ताईंचं ढोपर टेबलाच्या कडेवर सणसणीत आपटलं आणि गावोगावच्या श्रोत्यांनी ऐकलं ते असं: “आता माननीय मंत्रिमहोदय आपल्याशी संवाद साधतील. च्यायला!”

निम्म्या श्रोत्यांना हे मनापासून पटलं. मंत्रिमहोदयांना मात्र पटलं नाही.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे ‘परीटघडी’ म्हणत. त्यांचा सदरा आणि भाषा, दोन्हींना कडक इस्त्री असे. कुणी व्हरांड्यात ‘मस्त’ म्हणालं तर थांबून “उत्तम म्हणावं” असं सांगून ते पुढे जात. चौकशी त्यांनीच लावली, अध्यक्षही तेच झाले. लांब टेबलाच्या पलीकडे पाच पुरुष, अलीकडे ढोपराला पट्टी बांधलेल्या साखरताई.

“बाई, नक्की कोणता शब्द उच्चारलात?”

ताई खाली बघत पुटपुटल्या.

“ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणा, नोंद व्हायची आहे.”

ताईंनी म्हटलं. परीटघडींनी कानामागे हात नेला. “अजून थोडं स्पष्ट. आपण निवेदिका आहात ना?”

तिसऱ्यांदा ताईंनी तो शब्द असा म्हटला की, बाहेरच्या बाकावर बसलेला शिपाई दचकून उभा राहिला. टेबलापलीकडचा एक जण रुमालात तोंड घालून हसला. परीटघडी हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीला आतून कुणी गुदगुल्या करत होतं, हे ताईंनी पाहिलं. शिक्षेपेक्षा ती मिशी त्यांच्या जास्त जिव्हारी लागली. शिक्षाही काही बेताची नव्हती. त्यांचा माइक काढून घेतला आणि त्यांना टेपांच्या भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या आवाजांवरची धूळ त्या झटकत राहिल्या.

माणसं अपमान विसरतात म्हणे. साखरताईंनी तो लोणच्यासारखा मुरवला. कुकरची शिटी होईपर्यंत त्या ओट्याशी उभ्या राहून परीटघडींवर खटला चालवत. कधी त्यांना कान धरून उभं करत, कधी गुडघ्यावर. नवरा पेपराआडून विचारी, “आज जामीन मिळाला का त्यांना?”

“नाही,” ताई म्हणत आणि दुधी किसत.

इकडे दुनिया मात्र बदलत चालली होती. ज्या मंत्र्यांच्या कानाला ‘च्यायला’ सोसलं नव्हतं, त्यांचेच चिरंजीव आता भर सभेत विरोधकांच्या आया-बहिणींची चौकशी करत आणि खालून टाळ्या पडत. टीव्हीवरचा विनोद कमरेखाली उतरला तो पुन्हा वर आलाच नाही. ताईंचा मुलगा ज्या ऑफिसात होता, तिथला मोठा साहेब दर वाक्याला एक इंग्रजी शिवी घाली, आणि त्याला म्हणे ‘मोकळं वातावरण’ म्हणत. हे सगळं ऐकताना ताईंच्या अंगाचा तिळपापड होई. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं. आपण फारच स्वस्तात फाशी गेलो, याचा तो संताप होता.

आणि एका दुपारी फोन वाजला.

“ताई, ओळखलंत का? आवाज तसाच आहे हो तुमचा!”

ओळखणार कसं नाही! ‘बाई’ची आता ‘ताई’ झाली होती. परीटघडींनी निवृत्तीनंतर पुतण्याच्या भागीदारीत आवाजाचा स्टुडिओ काढला होता. एका मोठ्या कंपनीच्या मोबाइलवर बघायच्या मालिकेचं डबिंग त्यांच्याकडे आलं होतं, दिग्दर्शक तेच. मालिकेत एक आजी होती. कनवाळू, पण फाटक्या तोंडाची. “तिला गोड आवाजच हवा ताई, म्हणजे शिवी कशी उठून दिसेल.”

“कोण म्हणायचं शिव्या? मी?” ताईंनी विचारलं.

“काळ बदललाय, ताई. आपणही बदलायला हवं.”

ताईंनी फोन ठेवला आणि त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याला वाटलं, चक्कर आली. त्या हसत होत्या.

“जाणारेस?”

“जाणार म्हणजे? नाचत जाणार. मला काही येत नाही असं सांगणार आणि सगळ्या शिव्या त्याच्याकडून म्हणवून घेणार. चारचौघांत. मोठ्यानं.”

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. भिंतींना करडा स्पंज, मधे काच. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिस्ट बसली होती, तिशीतली, आखूड केसांची. मशीनवर तिची बोटं अशी फिरत, जणू मशीन तिच्या माहेरचंच. मागे दोन सहायक आणि कंपनीची एक प्रतिनिधी. प्रेक्षक पुरेसे होते. परीटघडींचा सदरा अजून कडक होता, फक्त आतला माणूस थोडा सुरकुतला होता.

पहिल्याच संवादात आजी घरमालकाला झाडते. ‘हरामखोरा’पासून गाडी सुटायची, ती पुढे घरमालकाच्या मातोश्रींवरून वळसा घेऊन थेट त्याच्या शरीररचनेत शिरायची. ताईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“सर, हे मला नाही हो जमत. म्हणायचं तरी कसं? एकदा म्हणून दाखवता का?”

परीटघडी गोंधळले. त्यांनी घसा साफ केला, छताकडे पाहिलं आणि नव्या बुटांनी ओल्या फरशीवरून चालावं तसं ते वाक्य म्हटलं.

ताईंनी कानामागे हात नेला. “नीट ऐकू नाही आलं, सर. वयाचं आहे. जरा मोठ्यानं.”

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. ताईंनी पटकन काचेकडे पाहिलं. आता रुमाल निघतील, मिश्या थरथरतील! पण कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. एक सहायक जांभई देत होता. रेकॉर्डिस्ट शांतपणे म्हणाली, “छान आहे, सर. फक्त शेवटचं अक्षर खाताय.”

इतकी वर्षं जपलेली नोट बाजारात काढावी आणि दुकानदारानं ‘ही आता चालत नाही’ म्हणावं, तसं ताईंचं झालं. त्यात आणखी एक आक्रीत घडलं. परीटघडींना चव लागली. जन्मभर ‘उत्तम म्हणावं’ म्हणत काढलेल्या माणसाला फुकटची मोकळीक मिळाली होती. त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं, बाह्या सरसावल्या आणि “नाही ताई, असं घ्या!” म्हणत ते एकेक शिवी झोकात फेकू लागले. गाल लाल, डोळ्यांत चमक. दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले.

‘सूड घ्यायला आले आणि मेल्याला औषध पाजलं!’ ताईंचे दात करकरले.

“सर,” काचेपलीकडून आवाज आला, “तुमचा हा नमुना ठेवायचा असेल तर परत घ्यावा लागेल. तुम्ही माइकच्या फार जवळ आलात.”

परीटघडी रंगात होते. ते मोकळेपणी हसून म्हणाले, “अगं, माझा आवाज चोख आहे. बायकांच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं. तू आपली घरी जा, भांडी घास. तिथं काही परत घ्यावं लागत नाही!”

साखरताई हसल्या. का हसल्या ते त्यांनाही कळलं नाही. साहेबानं विनोद केला की हसायचं, एवढं त्यांचं तोंड नोकरीत आपोआप शिकलं होतं.

काचेपलीकडे मात्र कुणी हसलं नाही. जांभई देणारा सहायक ताठ झाला. प्रतिनिधीनं फोन खाली ठेवला. रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढले, टेबलावर नीट ठेवले, आणि ती उठून निघून गेली. मघाशी चार मजली शिव्यांनी जी खोली हलली नव्हती, ती भांड्यांनी हादरली.

“काय झालं हिला?” परीटघडी म्हणाले. “काय बोललो मी असं?”

घरी ताईंनीही तेच विचारलं. “आई-बहीण काढली ती चालली, आणि भांडी घास म्हणाला त्यात काय एवढं?”

नवऱ्यानं पेपर खाली घेतला. “तुझ्या च्यायलात तरी काय एवढं होतं? आणि आई-बहीण कागदावरची होती. ही पोरगी समोर बसलेली होती.”

मग ताईंना स्वतःचं हसणं आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

कंपनीनं चौकशी लावली. साक्षीदार म्हणून साखरताईंचं नाव होतं. आदल्या दिवशी परीटघडी दारात उभे.

“ताई, आपण जुने लोक. चेष्टा होती ती. तुम्ही एवढंच म्हणा की, नीट ऐकू आलं नाही.”

“बसा की,” ताई गोड आवाजात म्हणाल्या. घरात तो आवाज ऐकून नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. “पाणी देऊ? तुमची खुर्ची जरा सांभाळा, ती सटकते.” खुर्ची भक्कम होती, पण परीटघडी सबंध वेळ कडेवर बसून राहिले.

“म्हणाल ना तेवढं?”

“जे झालं ते सांगेन, सर. नोंद व्हायची आहे ना.”

त्यांचा चेहरा पडला. ताईंना त्या रात्री इतकी छान झोप लागली की, नवऱ्याला सकाळी चहा स्वतः करावा लागला.

चौकशीची खोली पाहून मात्र ताईंचा विरस झाला. लांब टेबल नाही, मऊ खुर्च्या. अध्यक्षबाई त्यांच्या सुनेच्या वयाची, बोलायला मऊ. परीटघडी एका बाजूला, समोर रेकॉर्डिस्ट.

“ताई, ते शब्द परत उच्चारायची गरज नाही,” अध्यक्षबाई म्हणाली. “कुणालाच त्रास नको. लिहून दिलंत तरी चालेल.”

“त्रास नको कसा? मी म्हणते त्यांना म्हणायला लावा. उभं करून. तीनदा.”

“तसं नाही हो करता येत. त्यांचाही मान राखायला हवा.”

मान राखायचा! ताईंना वाटलं, आपल्याच पाळीला बरी सभ्यता आली यांना! त्यांनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. ती खाली बघत अंगठ्याचं नख खरवडत होती. ते नख बघून ताई उठून उभ्या राहिल्या.

“मग मी म्हणते,” त्या म्हणाल्या. “मला काही त्रास होत नाही.”

त्यांनी पाठ ताठ केली, खांदे सैल सोडले आणि भांडारात गेल्यापासून कुणी न ऐकलेला तो आवाज काढला. बातमीपत्राचा. आधी स्थळ, मग वेळ, मग बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा, मग स्वल्पविरामाएवढा श्वास. आणि मग ते वाक्य, ‘बायकांच्या हाती’पासून ‘भांडी घास’पर्यंत, एकही अक्षर न खाता, शुद्ध, स्वच्छ, मधात बुडवलेलं. त्या आवाजात ते इतकं घाणेरडं वाटलं की, टिपणं घेणाऱ्याचा हात थांबला. परीटघडींनी मान खाली घातली. ती घालताना त्यांच्या सदऱ्याची कॉलर दुमडली, ते ताईंनी डोळे भरून पाहिलं.

“या हसल्या होत्या!” परीटघडी एकदम ओरडले. “विचारा त्यांना! त्यांनाही विनोदच वाटला होता!”

अध्यक्षबाईनं ताईंकडे पाहिलं.

“हसले,” ताई म्हणाल्या. “यांच्याच हाताखाली शिकले हसायला. तेही लिहून घ्या. आणि पोरी,” त्या रेकॉर्डिस्टकडे वळल्या, “चुकलं माझं ते.”

रेकॉर्डिस्टनं नख सोडलं. “असू दे, ताई.”

“असू दे नाही. लिहू दे.”

परीटघडींचं दिग्दर्शन गेलं. पुतण्यानं त्यांना स्टुडिओच्या हिशेबाच्या खोलीत बसवलं, जिथे बोलावं लागत नाही. नवा दिग्दर्शक आला, मालिका पुढे चालू झाली, आणि साखरताई पुन्हा काचेसमोर उभ्या राहिल्या. आजीचा तोच संवाद. ‘हरामखोरा’पासून ताईंनी जी सुरुवात केली, ती मातोश्री, वळसा, शरीररचना सगळी ठिकाणं यथासांग घेत एका दमात संपवली. रेकॉर्डिस्टनं काचेतून अंगठा वर केला.

“कमाल आहे, ताई! कुणाला डोळ्यांसमोर आणलंत?”

“आहे एक जण,” साखरताई पाण्याचा घोट घेत म्हणाल्या. “किती भाग आहेत म्हणालीस मालिकेचे?”

“सध्या आठ. लोकांना आवडलं तर आणखी.”

“घ्या आणखी,” ताई म्हणाल्या. “तो सगळ्या भागांना पुरेल.”